जुना व्हॅक्यूम क्लीनर घेताय? प्लग लावण्याआधी हे वाचा

माळ्यावर चाळीस-पन्नास वर्षं धडधाकट राहिलेला व्हॅक्यूम क्लीनर नव्या मालकाच्या हातात पहिल्या पाच मिनिटांत जळतो. दर वेळी गोष्ट तीच असते. विकणारा म्हणतो, "मालक, चालू आहे, लावून बघा की." घेणारा प्लग लावतो. मोटर घरघरते, मागच्या जाळीतून निळ्या ठिणग्या दिसतात, जळका वास येतो आणि सगळं थंड. मिक्सर दुरुस्तीवाला आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरणारा गाभा, गेलं म्हणून सांगतो, आणि त्या मापाचं आर्मेचर आता मिळत नाही.

मोटर वाईट नसते, चुकतो तो क्रम. लोक आधी चालवतात, मग चकाचक करतात आणि हे यंत्र आहे तरी कोणतं, ते शेवटी शोधतात. करायचं याच्या उलट: आधी ओळख, मग तपासणी, त्यानंतर वीज आणि सगळ्यात शेवटी सफाई. पुढचे टप्पे याच क्रमाने घ्या. मधला एखादा गाळलात तर त्याच्या पुढच्या टप्प्याला अर्थ उरत नाही.

## तयारी: बघायला जाताना पिशवीत काय हवं

- टॉर्च आणि छोटा आरसा. नावाची पाटी बहुतेक वेळा यंत्राच्या पोटाखाली असते.
- लोहचुंबक. ॲल्युमिनियम आणि पत्रा यांतला फरक एका क्षणात कळतो.
- मल्टिमीटर. साधा चालेल, पण त्याच्या वायरी धड असाव्यात.
- चपट्या तोंडाचे निदान तीन रुंदीचे स्क्रू-ड्रायव्हर. जुन्या यंत्रांचे स्क्रू एका खाचेचे असतात. अरुंद पातं लावलं की खाच सोलून निघते.
- मोजपट्टी, शक्य असेल तर व्हर्नियर कॅलिपर.
- एन-९५ मास्क, रबरी हातमोजे, दोन जाड प्लॅस्टिक पिशव्या.
- फोटोसाठी मोबाईल आणि झिपच्या छोट्या पिशव्या. सुटे भाग खिशात टाकले की हरवलेच म्हणून समजा.

मास्क विसरू नका. जुन्या यंत्राच्या पिशवीत कुणाच्या तरी घरातली कित्येक वर्षांची धूळ असते: कापसाचा तूस, जुन्या रंगाची पापुद्री, किडे मारायची पावडर, उंदराच्या लेंड्या. ती दुकानात उघडू नका. घरी आणल्यावर अंगणात किंवा गच्चीवर, वारा पाठीशी घेऊन, ओल्या वर्तमानपत्रावर रिकामी करा.

## टप्पा १: शोध, आणि काय नाकारायचं

सोलापुरात ही यंत्रं चार प्रकारच्या ठिकाणी सापडतात. भंगारवाले, मंगळवार बाजारातले जुन्या सामानाचे विक्रेते, मिक्सर-पंखे दुरुस्त करणाऱ्यांचे माळे, आणि पाडायला काढलेली घरं. यांतले दुरुस्तीवाल्यांचे माळे सगळ्यांत कामाचे. तिथली यंत्रं गिऱ्हाइकाने परत न नेलेली असतात, म्हणजे बिघाड काय होता ते दुरुस्तीवाल्याला बहुधा आठवतं. "काका, हे कशासाठी आलं होतं?" एवढंच विचारा आणि मग त्यांना बोलू द्या.

भंगारवाल्याकडे आधी सांगून ठेवा: यंत्र फोडू नका आणि वायर कापू नका. तांब्यासाठी वायर कापताना बरेचदा बॉडीच्या तोंडाशीच कापतात. मग आतली वायर ओढली जाते आणि स्विचचे टोक तुटतात.

आपल्या गावात एक घोटाळा हमखास होतो. यंत्रमागावरचा तूस उडवायला वापरतात तो हातातला ब्लोअर. त्याला कापडी पिशवी अडकवली की तो व्हॅक्यूम क्लीनरसारखा दिसतो आणि 'जुना व्हॅक्यूम' म्हणून विकलाही जातो. फरक असा ओळखा: ब्लोअरला हवा आत घेण्याची जागा बाजूला, जाळीने झाकलेली असते, आणि तिथे नळी घट्ट बसवायची सोय मूळचीच नसते किंवा जोडतुकडा लावून केलेली असते. व्हॅक्यूम क्लीनरला हवा आत येते त्या तोंडाशी नळी अडकवायची खाच किंवा कडी असते, आणि धुळीच्या पिशवीसाठी यंत्रातच जागा असते. जुन्या लांबट यंत्रांना मात्र मागच्या बाजूलाही नळी लावता येते. फवारणीसाठी आणि फुंकण्यासाठी ती सोय मुद्दाम दिलेली असायची. असं यंत्र ब्लोअर समजून नाकारू नका.

सरळ नाकारायची यंत्रं: बेकलाइटच्या (जुन्या, कडक प्लॅस्टिकच्या) बॉडीला आरपार तडा गेलेला, मोटरपर्यंत पाणी शिरून गंजलेला, स्प्रे रंगाने पूर्ण रंगवलेला, आणि पाटी खरवडून काढलेला. पहिल्या दोघांत खर्च आवाक्याबाहेर जातो, शेवटच्या दोघांत ओळख गेलेली असते.

## टप्पा २: घाट ओळखा

नाव वाचण्याआधी घाट पाहा. नावाचे स्टिकर बदलता येतात, घाट बदलत नाही.

१. उभा. लांब दांडा, दांड्याला लटकणारी पिशवी, खाली चाकांवर मोटर. बहुतेकांत तळाशी फिरणारा ब्रश आणि त्याला रबरी पट्टा. गालिच्यांसाठी केलेला, म्हणून आपल्याकडे कमी दिसतो. हूवर ज्युनिअर हे यातलं ठळक उदाहरण.

२. लांबट नळकांड्यासारखा. जमिनीवर आडवा, खाली धातूच्या दोन पट्ट्या किंवा छोटी चाकं. एका टोकाने हवा आत, दुसऱ्या टोकाने बाहेर. इलेक्ट्रोलक्सने १९२१ साली आणलेलं मॉडेल व्ही याच घाटाचं. पुढे अनेक कंपन्यांनी हाच घाट उचलला, त्यामुळे नुसत्या घाटावरून 'इलेक्ट्रोलक्स' असा शिक्का मारू नका.

३. डब्यासारखा किंवा गोल. मोटर वरती, धूळ खाली. हूवर कॉन्स्टेलेशन हा १९५० च्या दशकातला गोल घाट प्रसिद्ध आहे. त्याच्या काही प्रकारांत बाहेर पडणाऱ्या हवेवर यंत्र जमिनीपासून किंचित उचललं जातं.

४. हातातला. पिशवी मागे, मूठ वर. बेकलाइटचे असतील तर जपून हाताळा.

५. पाण्याचा. धूळ पाण्याच्या भांड्यात अडवतात. भांडं नसेल तर घेऊ नका.

भारतात १९८२ साली सुरू झालेल्या यूरेका फोर्ब्सने दारोदार जाऊन विकलेले युरोक्लीन अजून कित्येक घरांत आहेत. बरेच संग्राहक त्यांच्याकडे 'हे काय जुनं' म्हणून पाहतात, ते चूक आहे. नळी, नोझल, पुस्तिका, खोका आणि बिल अशा पूर्ण संचासह आज मिळण्याची शक्यता याच यंत्रांची सगळ्यांत जास्त. पहिलं यंत्र घेणाऱ्याने सुरुवात इथूनच करावी.

## टप्पा ३: पाटी वाचा

पाटीचा फोटो तिरप्या उजेडात काढा. टॉर्च बाजूने धरली की झिजलेले आकडेही उठून दिसतात. पाटी पुसायची असेल तर कोरड्या मऊ कापडानेच पुसा. थिनर, पेट्रोल किंवा नेलपॉलिश रिमूव्हर लावलंत तर छापील अक्षरं कापडावर उतरतील.

पाटीवर काय पाहायचं:

व्होल्ट. २२०, २३०, २४० किंवा '२००-२२०' असेल तर आपल्या विजेवर चालण्याजोगं. ११०, ११५ किंवा १२० असेल तर थेट लावणं म्हणजे मोटर मारणं. अशा यंत्राला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. अमेरिकी पाट्यांवर बरेचदा वॅट नसतात, अँपिअर असतात. व्होल्टला अँपिअरने गुणा: १२० व्होल्ट, ५ अँपिअर म्हणजे ६०० वॅट. सुरू होताना मोटर जास्त करंट ओढते, म्हणून ट्रान्सफॉर्मर दीडपट ते पावणेदोनपट घ्या. इथे १००० व्हीए. सायकलचा (हर्ट्झचा) आकडा ६० असला तरी चिंता नको. या मोटरी कार्बनवर (फिरणाऱ्या भागाला टेकून वीज पोचवणाऱ्या छोट्या वड्यांवर) चालणाऱ्या युनिव्हर्सल जातीच्या असतात, त्यांना ५० सायकल चालतात.

'एसी/डीसी' किंवा 'युनिव्हर्सल'. घरोघरी डीसी वीजही मिळत असे त्या काळाची ही खूण. जुनेपणाचा चांगला पुरावा, पण एकट्या त्यावर साल ठरवू नका.

गावाचं नाव. हूवरच्या पाटीवर 'पेरिव्हेल' असेल तर यंत्र इंग्लंडच्या त्या कारखान्याचं. तो १९३० च्या दशकात सुरू झाला आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडला. 'ल्युटन' असेल तर इलेक्ट्रोलक्सचं इंग्लंडमधलं उत्पादन. 'वेस्ट जर्मनी' असेल तर १९४९ ते १९९० च्या मधलं.

पेटंट क्रमांक. सगळ्यांत जास्त फसवणूक इथे होते. पेटंटचं साल म्हणजे यंत्राचं साल नव्हे. एकच पेटंट वीस वर्षं पाटीवर छापलं जाई. यादीतलं सगळ्यांत *नवं* पेटंट घ्या. यंत्र त्याच्या आधीचं नाही, इतकंच त्यावरून ठरतं.

आता भारतात विकलेल्या यंत्रांबद्दल. इथे पाटीपेक्षा पुस्तिका, बिल आणि खोका जास्त बोलतात:

- किंमत रुपये-आण्यांत असेल तर १ एप्रिल १९५७ च्या आधीची.
- पत्त्यात 'बॉम्बे-१' असा एकदोन आकडी विभाग असेल तर जुनी छपाई. सहा आकडी पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरची.
- 'बॉम्बे'च्या जागी 'मुंबई' असेल तर बहुधा १९९५ नंतरची.

म्हणून विकणाऱ्याला यंत्राआधी कागद मागा. फाटका खोकाही टाकू देऊ नका. त्याच्या एका कोपऱ्यातल्या पत्त्यावरून पंधरा वर्षांचा घोळ मिटतो.

तपासणी: पाटी, घाट आणि कागद या तिघांचा काळ एकमेकांशी जुळतो का? पाटी १९५० च्या दशकातली आणि बॉडी पांढऱ्या एबीएस प्लॅस्टिकची, असं दिसलं तर दोन यंत्रांचं एक केलेलं आहे.

## टप्पा ४: पाटी नसेल किंवा संशय असेल तर

बेकलाइट की साधं प्लॅस्टिक? बेकलाइट गडद असतं, तपकिरी, काळं किंवा मरून. हाताला जड लागतं, नखाने वाजवलं तर ठणठणीत आवाज येतो. दिसणार नाही अशी एक जागा अंगठ्याने जोरात घासून गरम करा आणि लगेच वास घ्या. फिनाइलच्या जवळचा उग्र वास आला तर बेकलाइट. तापलेली सुई टोचून पाहण्याची पद्धत सांगणारे बरेच आहेत. ती करू नका, डाग कायमचा राहतो.

चमक. निकेलच्या मुलाम्यावर किंचित पिवळसर झाक असते, क्रोम निळसर पांढरा दिसतो.

वायर. कापडाने विणलेली वायर जुनी, पण ती मागाहूनही लावता येते. वायर बॉडीत शिरते तिथला रबरी बूच पाहा. तो मूळचा असेल तर दगडासारखा कडक झालेला असतो.

स्क्रू. चार स्क्रूंपैकी एक फुलीच्या तोंडाचा आणि बाकी सरळ खाचेचे असतील तर यंत्र आधी उघडलेलं आहे. हरकत नाही, पण भाव करताना ध्यानात ठेवा.

## टप्पा ५: संच पुरा आहे का

नवखे इथे घाई करतात. मोटर मिळाली म्हणजे यंत्र मिळालं असं त्यांना वाटतं. खरं तर मोटर दुरुस्त होते, पण त्या जातीची नळी मिळता मिळत नाही. नळीच्या टोकाची कडी प्रत्येक कंपनीची वेगळी.

यादी करा: नळी, दोन सरळ नळ्या, फरशीचं नोझल, फटीचं चपटं नोझल, गोल ब्रश, पिशवी, पिशवीची चौकट किंवा कडी, फिल्टर, मागचं झाकण. प्रत्येक टोकाचा आतला आणि बाहेरचा व्यास मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा. आजच्या नळ्या बहुतेक ३२ किंवा ३५ मिलिमीटरच्या असतात. जुन्या यंत्राचं तोंड त्याला जुळलं नाही तर लेथवर नायलॉनचा जोडतुकडा करून घेता येतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीसारख्या भागात हे काम करणारे कारागीर आहेत. नमुना म्हणून दोन्ही टोकं सोबत न्या. नुसतं माप सांगितलं की तुकडा सैल येतो. आणि मूळ तोंड कापून नवी नळी बसवायची चूक कधीही करू नका.

तीन अर्धवट यंत्रं घेण्यापेक्षा एक पुरं घ्या. 'सुटे भाग म्हणून कामाला येतील' म्हणून घेतलेली यंत्रं घराचा माळा भरतात. त्यांचे भाग एकमेकांना क्वचितच बसतात.

## टप्पा ६: विजेशिवाय तपासणी

इथे विकणाऱ्याला नम्रपणे, पण ठाम सांगायचं: "मालक, चालवून दाखवू नका. बंदच बघतो."

१. मागची जाळी किंवा झाकण काढून पंखा बोटाने अलगद फिरवा. तो सहज फिरून हळूहळू थांबला पाहिजे. अडखळला तर बेअरिंग किंवा आतला कचरा. अजिबात फिरला नाही तर ग्रीस सुकलेलं, कार्बन अडकलेला किंवा गंज.

२. दांडा पुढे-मागे आणि बाजूला हलवून पाहा. पुढे-मागे किंचित हालचाल चालते. बाजूला लचक असेल तर बुश (दांडा ज्यात फिरतो ती धातूची नळी) किंवा बेअरिंग झिजलेलं.

३. नाकाने तपासा. जळक्या वार्निशचा कडवट वास वर्षानुवर्षं टिकतो. तो आला तर वाइंडिंग, म्हणजे मोटरमधली तारेची गुंडाळी, एकदा तापलेलं आहे.

४. स्विच दोनचार वेळा दाबा. 'टक्' असा ठाम आवाज हवा.

५. स्विच चालू ठेवून प्लगच्या दोन मुख्य पिनांमध्ये ओहम मोजा. साधारण ५ ते ४० ओहमच्या दरम्यान काहीतरी येतं. मोटर जितकी मोठ्या वॅटची तितका आकडा लहान. पंखा सावकाश फिरवताना आकडा थोडा हलला तर ठीक. काहीच आलं नाही तर घाबरू नका: तुटलेली वायर, मेलेला स्विच किंवा चिकटलेला कार्बन असू शकतो, आणि तिन्ही दुरुस्त होतात. शून्याजवळ आलं तर वायर किंवा मोटर शॉर्ट.

सावधान: इथे मल्टिमीटरवर सगळं बरोबर आलं तरी यंत्र सुरक्षित ठरत नाही. मल्टिमीटर काही थोड्या व्होल्टवर मोजतो. सुकलेलं रबर त्याला फसवतं.

भाव याच ठिकाणी ठरवा. यंत्र 'बंद' समजूनच पैसे द्या. विकणारा कितीही 'चालू आहे' म्हणाला तरी.

## टप्पा ७: घरी आणल्यावर, आधी वायर

वायर मूळची असेल आणि वाकवल्यावर इन्सुलेशन तडकत असेल तर ती बदलायचीच. कापडी वायर देखणी असते, पण आतलं रबर भुगा झालेलं असतं. मूळ वायर आणि प्लग काढून, चिठ्ठी लावून पिशवीत जपा. यंत्र पुढे कुणाला दिलं तर तीही द्या.

नवी वायर १००० वॅटपर्यंत ०.७५ चौरस मिलिमीटर तांब्याची पुरते. जोडण्याआधी जुन्या जोडणीचा फोटो घ्या. जुन्या रंगांत लाल फेज, काळा न्यूट्रल, हिरवा अर्थ. नव्या वायरीत तपकिरी फेज, निळा न्यूट्रल, हिरवा-पिवळा अर्थ.

अर्थचा मुद्दा नीट समजून घ्या. धातूची बॉडी आहे आणि पाटीवर चौकोनात चौकोन ही दुहेरी इन्सुलेशनची खूण नाही, तर तीन तारांचीच वायर लावा आणि अर्थ बॉडीला, रंग खरवडलेल्या स्वच्छ जागी, दातेरी वॉशरने घट्ट करा. मूळचं यंत्र दोन तारांचं होतं, म्हणून तसंच ठेवू, हा अट्टहास जिवावर बेतू शकतो. वायर बॉडीत शिरते तिथे ताण अडवणारी पट्टी हवीच. नुसती गाठ मारून भागत नाही.

यानंतर मेगर, म्हणजे जास्त व्होल्टवर इन्सुलेशन तपासायचं मीटर. मोटर रिवायंडिंग करणाऱ्याकडे ५०० व्होल्टचा मेगर असतो. स्विच चालू ठेवून, फेज आणि न्यूट्रल पिना एकत्र करून, त्या आणि धातूची बॉडी यांच्यात मोजायला सांगा. २ मेगाओहमच्या खाली आलं तर वीज द्यायची नाही. यंत्रात वेग कमी-जास्त करायचं इलेक्ट्रॉनिक सर्किट असेल तर ते आधी सोडवा.

आकडा कमी येण्याची कारणं या क्रमाने शोधा:

- कार्बनची काळी पूड आणि तूस कार्बनच्या घरात साचलेला. हे सगळ्यांत जास्त वेळा.
- रेडिओतली खरखर थांबवण्यासाठी लावलेला जुना कागदी कपॅसिटर. हा आतून गळतो. दोन तारांमधल्याच्या जागी एक्स-२ वर्गाचा आणि तार-बॉडीमधल्याच्या जागी वाय-२ वर्गाचा नवा लावा. पंख्याचा कपॅसिटर इथे चालत नाही.
- ओल. मोटर पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवून आत, मोटरला आणि पुठ्ठ्याला न टेकेल असा, १०० वॅटचा पिवळा बल्ब सहा-आठ तास, लक्ष ठेवून लावा. खोक्याला वर भोकं ठेवा. मे महिन्यात गच्चीवर उन्हात ठेवायचा मोह होईल, पण तिथे प्लॅस्टिक वाकतं आणि रबर तडकतं.

## टप्पा ८: कार्बन, कॉम्युटेटर, बेअरिंग

खोलताना प्रत्येक पायरीचा फोटो. पंख्याची नट काही यंत्रांत उलट आट्यांची असते. ती सुटत नाही म्हणून जोर लावण्याआधी आटे कोणत्या दिशेला चढतात ते पाहा. दोन पंखे असतील तर मार्करने एकमेकांसमोर खूण करा. ते जसे होते तसेच बसले नाहीत तर यंत्र थरथरतं.

कार्बन. काढताना डावा-उजवा आणि कोणती बाजू वर, ते लिहून ठेवा. कॉम्युटेटरला (आर्मेचरवरच्या तांब्याच्या पट्ट्यांच्या कड्याला) टेकणारं तोंड अंतर्गोल झिजलेलं असतं, ते पुन्हा तसंच बसलं पाहिजे. लांबी ६ मिलिमीटरच्या खाली असेल तर बदला. तंतोतंत मापाचा मिळाला नाही तर किंचित मोठा घेऊन काचपेपरवर सपाट घासून बसवा. मिक्सरच्या कार्बनचे डबे धुंडाळले की जवळचं माप निघतं. कार्बन आपल्या घरात स्वतःच्या वजनाने सरकला पाहिजे. अडकलेला कार्बन हेच त्या निळ्या ठिणग्यांचं मूळ: स्प्रिंग दाबते, कार्बन सरकत नाही, मधे फट पडते आणि फटीत वीज उडते. नव्या कार्बनचं तोंड बसवायला कॉम्युटेटरभोवती बारीक काचपेपर, खरखरीत बाजू कार्बनकडे, गुंडाळून फिरण्याच्या दिशेने ओढा. मग पूड पूर्ण झटका.

कॉम्युटेटर. एकसारखा तपकिरी थर चांगला, तो घासून काढू नका. काळे, जळके पट्टे असतील तरच बारीक काचपेपर. एमरी नको, तिचे कण पट्ट्यांमध्ये रुतून वीज वाहतात. पट्ट्यांमधल्या खाचा लाकडी टूथपिकने साफ करा. शेजारच्या दोन-दोन पट्ट्यांमधला ओहम गोल फिरून मोजा. सगळीकडे सारखा हवा. एका ठिकाणी एकदम वेगळा आला तर आर्मेचरचा तो वेढा गेलेला आहे.

बेअरिंग. गोळ्यांचं असेल तर त्याच्या कडेवर नंबर कोरलेला असतो. ६०८ म्हणजे ८ मिलिमीटरचा दांडा, २२ मिलिमीटरचं बाहेरचं माप, ७ मिलिमीटर जाडी. बेअरिंगच्या कोणत्याही दुकानात मिळतं. झेडझेड म्हणजे पत्र्याचं झाकण. ओढून काढताना पुलर वापरा. हातोडीने दांडा वाकतो. बुश असेल तर शेजारच्या नमद्याला हलक्या मशीन ऑइलचे तीन-चार थेंब, बस. जास्त तेल उडून कॉम्युटेटरवर जातं. खोबरेल तेल तर अजिबात नको, त्याचा चिकट थर होतो.

सावधान: कॉम्प्रेसरची हवा मारताना आर्मेचर हाताने धरून ठेवा आणि हवा कमी ठेवा. मोकळं सोडलं तर कोरडं बेअरिंग भरधाव फिरतं आणि तूस वाइंडिंगच्या आत ढकलला जातो.

## टप्पा ९: पहिल्यांदा वीज

सिरीज टेस्टिंग बोर्ड, म्हणजे यंत्राकडे जाणाऱ्या विजेच्या वाटेत बल्ब जोडलेला बोर्ड, सगळ्यांना माहीत आहे, पण इथे एक चूक जवळपास प्रत्येक जण करतो: १०० वॅटचा बल्ब लावतो. इतक्या बल्बातून मोटर चांगली असली तरी बहुधा जागची हलत नाही, बल्ब जवळजवळ पूर्ण पेटतो, आणि शॉर्ट असली तरी तसाच पेटतो. मग चांगली मोटर 'जळालेली' ठरते. ५०० वॅटची हॅलोजन नळी सिरीजमध्ये लावा, किंवा २०० वॅटचे दोन-तीन बल्ब एकमेकांना समांतर.

१. बोर्डाच्या मागे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) हवा. सिरीज बल्ब शॉकपासून वाचवत नाही. यंत्र कोरड्या लाकडी टेबलावर, पायात चप्पल, वीज असताना यंत्राला हात नाही.
२. यंत्राचा स्विच बंद ठेवून बोर्ड चालू करा. बल्ब पेटला तर वायरीतच शॉर्ट आहे, थांबा.
३. यंत्राचा स्विच चालू. दिवा क्षणभर जोरात, मोटर फिरू लागली की मंद: ठीक. दिवा पूर्ण पेटून मोटर गप्प: थांबा, टप्पा ८ पुन्हा.
४. दहा मिनिटं सिरीजवरच चालू द्या. कार्बनचं तोंड बसतं. कार्बनखाली बारीक ठिणग्या चालतात. कॉम्युटेटरभोवती ठिणग्यांचं पूर्ण कडं दिसलं तर लगेच बंद.
५. आता थेट वीज, आधी १० सेकंद. बंद करून वास घ्या, बेअरिंगजवळ हात लावून पाहा. मग एक मिनिट, मग पाच. त्याआधी सॉकेटचे व्होल्ट मोजा. रात्री कमी भार असताना ते २४० च्या वर जातात. '२००-२२०' लिहिलेलं यंत्र अशा वेळी लावू नका.

नळीचं तोंड तळहाताने बंद केलं की आवाज चढतो. मोटरवर ताण आला म्हणून लोक दचकतात. प्रत्यक्षात हवा न ओढल्यामुळे पंख्यावरचा भार कमी होतो आणि वेग वाढतो. धोका वेगळाच आहे: बऱ्याच यंत्रांत मोटर थंड करणारी हवा तीच असते, त्यामुळे तोंड जास्त वेळ बंद ठेवलं तर मोटर तापते. चाचणी दोन-तीन सेकंदांत उरका. पिशवी किंवा फिल्टरशिवाय एकदाही चालवू नका. आपल्याकडचा तूस थेट वाइंडिंगला गुंडाळला जातो.

## टप्पा १०: सफाई, आणि हात कुठे आवरायचा

बेकलाइट ओलसर कापड आणि दोन थेंब साबणाने पुसा, भिजवू नका. मंद झाले असेल तर धातू पॉलिशची पेस्ट बोटभर कापडावर घेऊन हलक्या हाताने. क्रोमवरचा गंज चुरगळलेली ॲल्युमिनियम फॉइल पाण्यात बुडवून घासला की निघतो. ॲल्युमिनियमला कॉस्टिक सोडा लावू नका, काळं पडून खड्डे पडतात. शेवटचं पुसणं बोअरच्या पाण्याने नको, पांढरे डाग राहतात. गॅरेजमध्ये मिळणारं बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी वापरा.

छापील नावं, सोनेरी रेघा आणि हॅमर फिनिशचा रंग यांना फक्त कोरडं कापड. ओरखडे राहू द्या. नवा रंग मारलेल्या यंत्राची किंमत कमी होते, कारण मूळचं काय आणि मागाहूनचं काय, हे पुन्हा कधीच सांगता येत नाही.

कापडी पिशवी उलटी करून झटका, ब्रश फिरवा. धुतली तर विण मोकळी होऊन बारीक धूळ आरपार जाते, शिवाय छापलेलं नाव जातं.

## टप्पा ११: नोंद आणि ठेवण

प्रत्येक यंत्राला एक कागद: पाटीचा फोटो, अनुक्रमांक, कुठून आणि काय भावाने घेतलं, कोणता भाग बदलला, मेगरचा आकडा, नळीची मापं. कागद यंत्राच्या आत ठेवू नका, फाइलमध्ये ठेवा.

पत्र्याच्या छपराखाली किंवा गच्चीच्या खोलीत ठेवू नका. आपल्या उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो तेव्हा पत्र्याखालची खोली त्याहून तापते आणि रबरी नळ्या दोन उन्हाळ्यांत तडकतात. घरातली आतली, सावलीतली खोली बरी. नळी गोल, सैल ठेवा. खिळ्याला टांगली की तिथेच मोडते. उभ्या यंत्राचा रबरी पट्टा काढून वेगळा ठेवा, नाहीतर तो ताणलेल्या आकारात कडक होतो. पीव्हीसी वायर प्लॅस्टिकच्या बॉडीभोवती गुंडाळून ठेवू नका. वायर मऊ ठेवणारं द्रव्य पाझरतं आणि बॉडीवर वितळल्यासारखे चरे पडतात. डांबर गोळ्याही प्लॅस्टिकच्या भागांजवळ नकोत. हवा जाण्या-येण्याची तोंडं सुती कापडाने बांधा. पाल आणि उंदीर मोटरपर्यंत पोचतात ते तिथूनच.

तीन-चार महिन्यांतून एकदा पंखा हाताने दहा-बारा वेळा फिरवा आणि दोन मिनिटं चालवा. पावसाळ्यानंतरच्या पहिल्या वेळी मात्र थेट प्लग नको: आधी मेगर, मग सिरीज.